जांभ्याखालच्या काळ्या मातीतली बुरशी

(दृश्य : रत्नागिरीजवळचा सडा, चिरेखाण, मग अर्धवट खणलेली विहीर)

कोकणात विहीर खणताना वरचा जांभा फुटला, की काही ठिकाणी खाली काळी, चिकट माती लागते. कधी तिच्यात लिग्नाइटचे, म्हणजे अर्धवट कोळसा झालेल्या लाकडाचे तुकडे असतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतले हे थर मायोसीन काळातले मानले जातात. मायोसीन म्हणजे साधारण २ कोटी ३० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वीचा काळ.

या मातीत परागकण सापडतात, नेच्यांचे बीजाणू सापडतात आणि बुरशीचेही. परागकणांचं कौतुक पुष्कळ झालं. बुरशी मात्र बराच काळ यादीच्या तळाशी राहिली.

(दृश्य : प्रयोगशाळा, आम्लाचं भांडं, स्लाइड)

मातीतून बीजाणू वेगळे काढायला आम्लं वापरतात. हायड्रोक्लोरिक आम्लात चुना विरघळतो, हायड्रोफ्लोरिक आम्लात वाळू आणि चिकणमाती. बुरशीच्या पेशीभित्तीत कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं, ते यातूनही तगून राहतं. बरेचसे बीजाणू मुळातच तपकिरी असतात, त्यामुळे रंग चढवावा लागत नाही. गाळताना मात्र जपावं लागतं. चाळणीची जाळी १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल, तर त्याहून बारीक बीजाणू पाण्याबरोबर निघून जातात.

आता या एका बीजाणूकडे नीट पाहा. मधोमध एक गडद पडदा आहे, म्हणजे पेशी दोन. पडद्यापाशी कंबर किंचित आवळलेली आहे. टोकांना छिद्र आहे का? सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू सावकाश फिरवायचा. खरं छिद्र असेल तर त्याची कड नेटकी, बरेचदा जाडसर दिसते. दाबाने फुटलेल्या भोकाची कड फाटकी असते. इथे छिद्र नाही, म्हणून नाव डायसेलीस्पोरायटिस. दोन्ही टोकांना छिद्रं असती, तर हाच डायाडोस्पोरायटिस झाला असता. एकच पेशी आणि एकच छिद्र असेल, तर मोनोपोरिस्पोरायटिस. काहींमध्ये उभे-आडवे पडदे मिळून चिऱ्यांच्या भिंतीसारखं बांधकाम दिसतं, त्यांचा गट वेगळा.

पेशी मोजून गट पाडण्याची ही रीत इटलीचे बुरशीतज्ज्ञ पिअर आंद्रेआ साकार्दो यांनी १९व्या शतकात जिवंत बुरशींसाठी रुजवली. जीवाश्मांसाठी विखुरलेली नावं कालगुटकर आणि यान्सोनियस या अभ्यासकांनी २००० साली एका मोठ्या ग्रंथात एकत्र आणली.

पण ही नावं आकाराची आहेत, नात्याची नाहीत. एकमेकींशी काही संबंध नसलेल्या बुरशी सारखेच बीजाणू बनवतात, आणि एकच बुरशी दोन तऱ्हांचे बीजाणू बनवते. डायसेलीस्पोरायटिस म्हटलं, की ती बुरशी लाकडावर होती, शेणावर होती की पानावर, यातलं काहीच कळत नाही. हे लक्षात न घेता काढलेला निष्कर्ष माझ्या मते अजिबात धरू नये.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली चपटी गोल चकती)

ही चकती मात्र बोलते. मध्यापासून कडेपर्यंत पेशींच्या ओळी किरणांसारख्या गेल्या आहेत. पानाच्या पृष्ठावर वाढणाऱ्या बुरशीचा हा बीजाणू धरणारा भाग आहे. कोकणातल्या या थरांमधून अशा चकत्यांच्या नोंदी झाल्या आहेत. त्यांच्या आजच्या नातेवाईक बुरशी उबदार, दमट जंगलांत फोफावतात. तेव्हा इथे दाट झाडी होती आणि पाऊस भरपूर होता, हे म्हणायला ही चकती भक्कम आधार देते, विशेषतः जोडीला परागकणही तेच सांगत असतील तर.

आणखी एक धोका आहे. पावसाळ्यात कोकणच्या हवेत आजचे बीजाणू भरलेले असतात. म्हणून थराची वरची माती खरवडून आतली घ्यायची, ती कोरड्या, स्वच्छ पिशवीत बंद करायची. दबून चपटा न झालेला, आत अजून जीवद्रव्य असलेला बीजाणू दिसला, की तो आजचा समजून बाजूला काढायचा.

(दृश्य : आंबोलीचं जंगल, पानावरचे काळे डाग)

आंब्याच्या पानावरची काळी काजळी बागायतदार ओळखतात. आंबोलीच्या रानातल्या पानांवर तर काळ्या बुरशींचे कितीतरी प्रकार आहेत. त्यांच्या स्लाइड करून, झाडाचं नाव लिहून ठेवायला हव्यात. जुनी चकती कोणाच्या कुळातली, हे त्यांच्याशीच ताडून पाहता येईल. आणि विहीर चिऱ्यांनी बांधून काढण्याआधी त्या काळ्या मातीचं एक ढेकूळ, किती खोलीवर मिळालं ते लिहून, बाजूला काढायला हवं.