सर, पाय!

श्रोतेहो, नमस्कार.

रेडिओवर बोलण्याचा एक मोठा फायदा असा, की माणूस कसा बसलाय हे कुणाला दिसत नाही. मी आत्ता पायावर पाय टाकून निवांत बसलोय. आता यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण याच पायापायी माझी एकदा अख्ख्या वर्गासमोर फजिती झाली होती, आणि विषय निघालाच आहे तर तिथूनच सुरुवात करतो.

२०१७ चा डिसेंबर. नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू होतं. मी आमच्या शाळेची आठवी-नववीची बेचाळीस पोरं घेऊन एसटीनं निघालो. बहुतेक सगळी कापूसवाल्यांच्या घरची. त्या वर्षी विदर्भाचा कापूस गुलाबी बोंडअळीनं खाल्ला होता. बोंड वरून धडधाकट दिसायचं आणि फोडलं की आत पिवळट, किडका पुंजका. भरपाई मिळणार का, किती मिळणार, एवढंच घराघरात बोलणं. त्यामुळे पोरांना वाटत होतं, चला, तिथं आपलाच विषय ऐकायला मिळेल.

दारावर दप्तरं, पाण्याच्या बाटल्या, माझा मोबाइल, सगळं जमा केलं. वर जाण्याआधी तिथल्या माणसानं पोरांना नीट समजावून सांगितलं. बोलायचं नाही. हसायचं नाही. टाळ्या वाजवायच्या नाहीत. कठड्यावर वाकून बघायचं नाही. पोरं बिचारी श्वाससुद्धा मोजून घेत गॅलरीत बसली. मीही बसलो आणि सवयीनं पाय पायावर गेला. पाठीमागून पांढऱ्या गणवेशातला एक जण आला, दोन बोटांनी माझ्या गुडघ्यावर टकटक केलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर, पाय." बेचाळीस माना माझ्याकडे वळल्या.

त्याची काही चूक नव्हती, तो त्याचं काम करत होता. पण मी पाय खाली घेतला त्याच वेळी खाली सभागृहात काय चाललं होतं? दहा-पंधरा सदस्य अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे वेलमध्ये, उतरले होते. घोषणा चालू होत्या. कागदाचे कपटे उडत होते. समोरच्या बाकांवरून त्यांना तसंच उत्तर जात होतं. मग "सभागृह दहा मिनिटांसाठी तहकूब". दहा मिनिटांनी सगळे परत आले, पुन्हा तेच, पुन्हा तहकूब. तेवढ्यात आमच्या पासची वेळ संपली. बोंडअळीचा ब सुद्धा पोरांच्या कानावर पडला नाही. परतीच्या एसटीत मात्र दर पाच मिनिटांनी मागच्या बाकांवरून आवाज यायचा, "सर, पाय!" दोन वर्षं पुरलं ते त्यांना.

आता कुणी म्हणेल, खाली बसणाऱ्यांना नियम नाहीत का? आहेत की! लोकसभेच्या नियमावलीत ३४९ क्रमांकाचा नियम आहे, तो सभ्य वागण्याचाच आहे. कामकाजाशी संबंध नसलेलं पुस्तक, वर्तमानपत्र, पत्र सभागृहात वाचायचं नाही. कुणी बोलत असताना मध्ये अडथळा आणायचा नाही. बोलणारा सदस्य आणि अध्यक्ष यांच्या मधून जायचं नाही. आत येताना-जाताना अध्यक्षांच्या आसनाला मान झुकवायची. शाळेच्या भिंतीवर लावावा असा नियम आहे. शिवाय ३७३ आहे, ३७४ आहे आणि २००१ साली जोडलेला ३७४-अ आहे. वेलमध्ये उतरून सतत गोंधळ घातला आणि अध्यक्षांनी नाव घेतलं, की सलग पाच बैठका किंवा उरलेलं अधिवेशन, जे कमी असेल तेवढं, माणूस आपोआप बाहेर.

तर २०२५ च्या जुलैकडे येऊ. पावसाळी अधिवेशन मुंबईत. त्या एका महिन्यात इतकं घडलं की टीव्हीवाल्यांना विषय शोधावा लागला नाही. ८ जुलैच्या रात्री आकाशवाणी आमदार निवासाच्या उपाहारगृहात बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड बनियन आणि टॉवेलवर उतरले आणि शिळ्या डाळीवरून तिथल्या कामगाराला त्यांनी ठोसे लगावले. (आकाशवाणी हे नाव नुसतं जागेवरून पडलंय, आम्हा रेडिओवर बोलणाऱ्यांचा त्या डाळीशी संबंध नाही.) पश्चात्ताप नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग विरोधी आमदार अंगावर बनियन आणि टॉवेल चढवून विधानभवनाच्या पायऱ्यांवर आंदोलनाला बसले. १७ तारखेला विधानभवनाच्या लॉबीत गोपीचंद पडळकर आणि जितेंद्र आव्हाड या आमदारांच्या समर्थकांची हाणामारी झाली. आणि २० तारखेला तो रमीचा व्हिडिओ आला.

तो बहुतेकांनी पाहिलाच असेल. विधान परिषदेत बसलेले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे, हातात मोबाइल आणि पडद्यावर पत्ते. रोहित पवारांनी तो समाजमाध्यमावर टाकला. कोकाटे म्हणाले, मी खेळत नव्हतो, खालच्या सभागृहात काय चाललंय ते बघायला मोबाइल उघडला तेव्हा ती जाहिरात आली, ती मी बंद करत होतो. हे त्यांचं म्हणणं. लोकांनी ते ऐकून घेतलं आणि त्यावर आणखी विनोद केले.

लोक एवढे का चिडले, यावर मी बराच विचार केला. सभागृहात मोबाइल बघणारा हा काही पहिला माणूस नव्हे. २०१२ च्या फेब्रुवारीत कर्नाटकच्या विधानसभेत अश्लील चित्रफीत बघितल्याच्या प्रकरणात तीन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले होते. त्यापुढे रमी म्हणजे काहीच नाही. पण हे खातं शेतीचं होतं. त्याच खात्याला कोकाटे आधी "ओसाड गावची पाटीलकी" म्हणून गेले होते. त्याच अधिवेशनात सरकारनं लेखी उत्तरात सांगितलं होतं, की जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत राज्यात ७६७ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. आणि त्याच जुलैत लातूर जिल्ह्यातला एक म्हातारा शेतकरी, बैल परवडत नाही म्हणून, स्वतः औताला जुंपून घेतलेला अख्ख्या महाराष्ट्रानं पाहिला होता. मागून त्याची बायको औत धरून चालत होती. एकाच मोबाइलवर, एकाच महिन्यात हे दोन व्हिडिओ आले. ते शेजारी शेजारी ठेवायला लोकांना कुणी सांगावं लागलं नाही.

म्हणून लातुरातच ते पत्ते फेकले गेले. छावा संघटनेचे कार्यकर्ते कोकाट्यांच्याच पक्षाच्या, राष्ट्रवादीच्या, सुनील तटकरे यांच्या पत्रकार परिषदेत शिरले, निवेदन दिलं आणि पत्ते टेबलावर टाकले. त्यानंतर त्या कार्यकर्त्यांना राष्ट्रवादीच्या लोकांनी बेदम मारलं. म्हणजे मंत्र्याच्या हातातल्या पत्त्यांचा निषेध करायला गेलेल्यांनीच मार खाल्ला. ३१ जुलैला कोकाट्यांचं कृषी खातं गेलं आणि त्यांना क्रीडा व युवक कल्याण मिळालं. आमच्या गावच्या पारावर एक म्हातारबुवा दुपारभर तीनपानी खेळत बसतात. ते म्हणाले, "बघा मास्तर, माणसाची आवड बघून खातं दिलं. आमचं काय चुकलं?"

हसलो आम्ही सगळे. मी स्वतः तो व्हिडिओ तीन ग्रुपवर पाठवला, वर हसण्याची चिन्हं टाकून. ७६७ ची बातमी मी वाचली होती, ती मात्र एकाही ग्रुपवर पाठवली नव्हती. हे मला नंतर, रात्री, लक्षात आलं.

डाळीच्या प्रकरणात तर गंमत वेगळीच. तिथं लोक एका बाजूला नव्हतेच. शिक्षकांच्या खोलीत आमचे दोन तट पडले. एक म्हणे, आमदारानं कामगारावर हात टाकायचाच कसा? दुसरे म्हणे, बरं केलं, शिळं खायला घालतात, लेकाचे! अन्न व औषध प्रशासनानं लगेच त्या उपाहारगृहाचा परवाना निलंबित केला, त्यामुळे दुसऱ्या तटाला आणखी जोर चढला. मी विचारलं, डाळ वाढणाऱ्या पोरानं ती शिजवली होती का? यावर कुणी बोललं नाही, पण मत कुणी बदललंही नाही. "आपल्या माणसानं दणका दिला" हे ऐकायला आपल्याला आवडतं, श्रोतेहो. मग तो दणका सभागृहात बसो, लॉबीत बसो, नाहीतर एखाद्या वेटरच्या तोंडावर.

आकडेच बघा. नोव्हेंबर २००९ मध्ये अबू आझमींनी हिंदीत शपथ घेतली म्हणून विधानसभेत धक्काबुक्की झाली आणि मनसेचे चार आमदार चार वर्षांसाठी निलंबित झाले. त्यात राम कदम होते. ते निलंबन मुदतीआधीच उठलं. मार्च २०१३ मध्ये विधानभवनात एका पोलीस अधिकाऱ्याला मारहाण झाली. सी लिंकवर त्यानं आमदार क्षितिज ठाकूर यांची गाडी अडवली होती, त्यातून पेटलेलं ते प्रकरण. आणि हा अधिकारी बसला कुठे होता? प्रेक्षक गॅलरीत. त्या वेळी वेगवेगळ्या पक्षांचे पाच आमदार निलंबित झाले, त्यातही कदम होते. पुढे २०१४, २०१९ आणि २०२४, तीनही वेळा घाटकोपर पश्चिमच्या मतदारांनी कदमांना निवडून दिलं. कर्नाटकातल्या त्या तीन मंत्र्यांपैकी लक्ष्मण सवदी २०१९ मध्ये उपमुख्यमंत्री झाले. यात मतदार मूर्ख आहेत असं मी म्हणत नाही. रस्ता, पाणी, दवाखान्यातला फोन, असं मतदार बरंच काही मोजतो. त्या यादीत सभागृहातलं वागणं फार खाली असतं, एवढंच.

बरं, शिक्षा तरी कुणाला होते? ५ जुलै २०२१ ला विधानसभेत तालिका अध्यक्ष, म्हणजे अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणारे, भास्कर जाधव यांच्याशी गैरवर्तन केलं म्हणून भाजपचे बारा आमदार एक वर्षासाठी निलंबित झाले. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते निलंबन घटनाबाह्य ठरवलं. न्यायालयाचा मुद्दा मला फार पटला. आमदाराला काढूनच टाकलं तर जागा रिकामी होते, पोटनिवडणूक होते आणि लोकांना दुसरा प्रतिनिधी मिळतो. वर्षभर निलंबित ठेवलं तर जागा रिकामीही होत नाही आणि भरलेलीही राहत नाही. म्हणजे निलंबन हे हकालपट्टीहूनही वाईट, आणि ते भोगायचं कुणी, तर त्या मतदारसंघानं.

दिल्लीत तर हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. १३ डिसेंबर २०२३ ला लोकसभेच्या प्रेक्षक गॅलरीतून दोन तरुणांनी खाली उड्या टाकल्या आणि रंगीत धूर सोडला. पुन्हा गॅलरीच! गृहमंत्र्यांनी यावर निवेदन करावं म्हणून विरोधक फलक फडकवत गोंधळ घालू लागले आणि बघता बघता दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार त्या अधिवेशनात निलंबित झाले. विरोधी बाकं जवळजवळ ओस पडली होती तेव्हाच भारतीय न्याय संहितेसह तीन फौजदारी कायद्यांची विधेयकं लोकसभेत मंजूर झाली. उद्या तुमच्या-माझ्यावर एखादा गुन्हा दाखल झाला तर तो याच कायद्याखाली होणार आहे. फलक फडकवणं चूक असेलही. पण इतक्या बाकांवर माणूस नसताना असा कायदा होणं हे माझ्या मते फलकापेक्षा मोठं गैरवर्तन आहे, आणि त्याचा व्हिडिओ निघत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही घडत नाही.

पूर्वी सगळं छान होतं, असंही मला म्हणायचं नाही. १९५१ मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूकही झाली नव्हती तेव्हा, हंगामी संसदेतले एच. जी. मुद्गल मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिचं काम संसदेत करत असल्याचं उघड झालं. ते नेहरूंच्याच पक्षाचे. तरी त्यांना काढण्याचा ठराव स्वतः नेहरूंनी मांडला. मतदानाआधी मुद्गलांनी राजीनामा दिला, तेव्हा सभागृहानं नोंद केली की हा सदस्य हकालपट्टीलाच पात्र होता आणि राजीनाम्याच्या पत्रातल्या भाषेनं त्याचा अपराध वाढलाच आहे. म्हणजे लबाडी तेव्हाही होती. फक्त आपल्या माणसाचं नाव निघालं की समोरच्यांची जुनी यादी वाचायची, ही रीत तेव्हा पडलेली नव्हती.

आता परत जुलैकडे, कारण माझ्या कामाची गोष्ट तिथंच आहे. लॉबीतल्या त्या हाणामारीनंतर विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी जाहीर केलं, की अधिवेशनाच्या काळात विधानभवनात सदस्य, त्यांचे स्वीय सहायक आणि शासकीय अधिकारी यांनाच प्रवेश मिळेल. भांडले कोण, तर आमदारांनी सोबत आणलेले लोक. दार बंद झालं ते तुमच्या-माझ्यावर.

दिवाळीची सुट्टी संपली आणि आमच्या यंदाच्या नववीनं विचारायला सुरुवात केली आहे, सर, नागपूरला कधी? कापसाची पोरं आहेत हीसुद्धा. या वर्षी अळी नाही, अतिवृष्टी आहे. पास मिळतील की नाही, ठाऊक नाही. मिळायचे झाले तर त्यासाठी आमदारांचं पत्र लागेल. ते मागायला पुढच्या आठवड्यात मी जाणार आहे. पोरांनी वहीच्या पानावर माझ्याजवळ एक चिठ्ठी देऊन ठेवली आहे, आमदारसाहेबांना द्यायला. मागच्या अधिवेशनात तुम्ही किती प्रश्न विचारले आणि त्यातले कापसाचे किती, एवढंच त्यात आहे. खाली बेचाळीस नाही, या वेळी अडतीस सह्या आहेत. आणि मागच्या बाजूला, माझी नजर चुकवून, कुणीतरी पेन्सिलीनं दोन पाय काढलेत, एकावर एक टाकलेले.

नमस्कार.