गवताच्या भिंतीआड

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुम्हाला एका झोपडीबद्दल सांगणार आहे. ही झोपडी दरवर्षी मे-जूनमध्ये नव्यानं उभी राहते आणि नोव्हेंबरचा पाऊस लागायच्या आत मोडली जाते. भिंती गवताच्या आणि बोरूच्या, छप्पर गवताचंच, आणि दाराची कडी म्हणजे दोरीचं एक वेटोळं. पहिल्या संध्याकाळी ते वेटोळं खुंटीला अडकवताना माझी थोरली बहीण म्हणाली, "आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याला याहून बरी कडी होती गं."

ही झोपडी आहे झांबिया देशात, दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यानात. गेल्या जुलैत आम्ही दोघी तिथं पाच रात्री राहिलो. निघालो तेव्हा मुंबईत पाऊस असा कोसळत होता की विमान सुटतंय की नाही अशी धाकधूक होती. अदिस अबाबा, लुसाका, मग छोट्या विमानानं म्फुवे नावाचं गाव आणि तिथून पुढे उघड्या जीपनं तीन तास. उतरलो तर सगळीकडे फुफाटा. आपल्याकडे आषाढ असतो तेव्हा तिकडे थंडी आणि कोरडा काळ. आभाळात ढग औषधालाही नाही.

हे उद्यान ९,०५० चौरस किलोमीटरचं आहे. आपला ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प पाचदा मावून वर थोडी जागा उरेल एवढं. पूर्वेच्या कडेकडेनं लुआंग्वा नदी वाहते, पुढे झांबेझीला मिळते. ही नदी दर पावसाळ्यात पात्र बदलते, जुनी वळणं मागे सोडून देते आणि त्यांची तळी होतात. पावसात रस्तेही बुडतात, काळी माती गाडीची चाकं धरून ठेवते. म्हणून तिथं पक्कं काही बांधायचं नाही. आमच्या कॅम्पात सगळ्या मिळून चार झोपड्या होत्या. वीज म्हणजे सौर दिवे. एका पिंपाखाली लाकडं पेटवून पाणी तापवायचं, अगदी आपल्या बंबासारखं. ते बादलीत भरून बादली झाडाला टांगायची आणि बादलीच्या बुडाला झारी. मोरीला छप्पर नाही. डोक्यावर साबण असताना वर पाहिलं तर फांदीवर एक बबून माकड बसून माझ्याकडे पाहत होतं. असो.

आता रात्रीचं सांगते, कारण या कॅम्पात खरं राहणं रात्रीच होतं. अंधार पडला की झोपडीबाहेर एकट्यानं पाऊल टाकायचं नाही. जेवायला न्यायला पहारेकरी येतो, जेवणानंतर तोच परत सोडतो. एकदा आत शिरलात की सकाळपर्यंत आतच. पहिल्या रात्री मी पांघरुणात पाय सरकवले आणि पायाला काहीतरी गरम, मऊ लागलं. मी किंचाळले. ताईनं बॅटरी लावली, तर गरम पाण्याची पिशवी! थंडीचे दिवस म्हणून त्यांनी प्रेमानं ठेवलेली. बाहेरून पहारेकऱ्यानं विचारलं, "आमायी, सगळं ठीक?" तिथल्या चिन्यांजा भाषेत वडीलधाऱ्या बाईला 'आमायी' म्हणतात. त्यात आपली 'माय' ऐकू येते की नाही पाहा.

मग दिवे विझवले आणि एक गोष्ट ध्यानात आली. गवताची भिंत नजर अडवते, आवाज नाही अडवत. ताडोब्यात आपण जिप्सीत बसून 'साइटिंग झालं का' असं एकमेकांना विचारत हिंडतो, डोळे ताणून. इथं डोळ्यांना सुट्टी, काम सगळं कानांना. आधी नदीतून पाणघोड्यांचं खोल खिदळणं, एकानं सुरू करायचं आणि काठाकाठानं दूरवर पसरत जायचं. तिथल्या भाषेत पाणघोड्याला 'म्वू' म्हणतात. ते नाव त्याचं त्यानंच सांगितलेलं असावं, असं मला वाटतं. मग मध्यरात्रीच्या सुमारास उशाशी, म्हणजे गवताच्या त्या बाजूला हातभर अंतरावर, कचाकचा गवत तोडल्याचा आवाज. दावणीची म्हैस वैरण ओढते ना, तसाच, पण जड. पाणघोडा दिवसभर पाण्यात डुंबतो आणि रात्री चरायला बाहेर पडतो. एका रात्रीत पस्तीस-चाळीस किलो गवत खातो. आफ्रिकेत माणसाला सगळ्यात धोकादायक प्राण्यांत त्याची गणना होते. आणि आमची भिंतही गवताचीच! मी हलक्या आवाजात म्हटलं, "ताई, हा भिंत तर खाणार नाही?" ताई म्हणाली, "वाळलेली आहे. हिरवं सोडून वाळलेलं कोण खाईल? झोप."

हत्तीचं निराळं. त्याचं पाऊल ऐकूच येत नाही, तळव्याला गादीच असते. कळतं ते फांदी मोडल्यावर, नाहीतर त्याच्या पोटातल्या गुरगुरण्यावरून. सिंहाची डरकाळी आठ किलोमीटरवरूनही ऐकू येते, म्हणून ती ऐकली तरी घाबरायचं कारण नसतं, असं आम्हाला सांगितलं होतं. बिबट्याचा आवाज मात्र ओळखीचा निघाला. करवतीनं लाकूड कापावं तसा, खर्र खर्र. जुन्नर-नारायणगावकडच्या ऊसपट्ट्यातले श्रोते आत्ता मान डोलावत असतील. प्राणी तोच आहे. तिकडे उसाऐवजी नदीकाठची चिंच आणि आबनुशी झाडं, एवढाच फरक.

चिंच म्हटलं म्हणून सांगते. चिंचेचं मूळ आफ्रिकेतलं. आपण तिला किती आपलं मानतो, आमटी तिच्याशिवाय नाही. तिथं नदीकाठी रानात उगवलेली, शेंगांनी लगडलेली चिंच बघून ताई हळवी झाली. गोरखचिंच तर तिथं डोंगराएवढी. आपल्याकडे वसईला, मुंबईत जुनी झाडं आहेत, पण ती पाहुणी. इथं ती घरची.

सकाळी साडेपाचला दाराबाहेरून आवाज यायचा, "म्वाउका ब्वांजी". याचा शब्दशः अर्थ 'कसे उठलात?'. उठून शेकोटीपाशी चहा, आणि उजाडलं की पायी निघायचं. पायी, हो. लुआंग्वाच्या खोऱ्याची ही खासियत. नॉर्मन कार नावाच्या वन्यजीव अधिकाऱ्यानं १९६०च्या दशकात इथं पायी सफारी सुरू केली. आधी १९५० साली, देश अजून उत्तर ऱ्होडेशिया म्हणून ब्रिटिशांच्या ताब्यात होता तेव्हा, त्यानं न्सेफू या स्थानिक प्रमुखाशी बोलून एक कॅम्प काढला. पाहुण्यांनी दिलेले पैसे गावाकडे जायचे. त्या काळी हे विचित्रच वाटलं असणार. शिकारीशिवाय प्राण्याचे पैसे कोण देईल? पुढे १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. त्यानंतरच्या वर्षांत हस्तिदंतासाठी आणि शिंगांसाठी चोरटी शिकार इतकी झाली की काळा गेंडा झांबियातून नाहीसाच झाला. २००३ पासून शेजारच्या उत्तर लुआंग्वात तो पुन्हा आणून सोडला.

चालण्याची शिस्त कडक. एका रांगेत. पुढे सरकारी वनखात्याचा बंदूकधारी, मग वाटाड्या, मग आम्ही, आणि शेवटी किटली घेतलेला चहावाला. बोलायचं नाही, आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. आदल्या संध्याकाळी वाटाड्यानं माझा निळा शर्ट पाहून मान हलवली होती. त्सेत्से माशी निळ्या-काळ्या रंगाकडे धावते. झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले असतात, ते याचसाठी. मी तो शर्ट तसाच घातला, कारण दुसरा धुतलेला नव्हता. दुपारपर्यंत पाठीवर सहा गांधी उठल्या. चूक माझीच.

मजा काय, चालताना मोठी जनावरं फार दिसली नाहीत आणि त्याचं काहीच वाटलं नाही. वाटाड्या जमीन वाचत होता. एके ठिकाणी नदीकडे उतरणारे दोन समांतर चर आणि मधे गवताचा वरंबा. मी म्हटलं, इथं बैलगाडी कुठून आली? तो हसला. पाणघोड्याची वाट ती. डाव्या-उजव्या पायांत इतकं अंतर की डावे पाय एका चरात, उजवे दुसऱ्यात, वर्षानुवर्षं. चाकोरी म्हणतो ना आपण, ती तिथं चाकाशिवाय पडली होती. पुढे तरसाची पांढरी विष्ठा. हाडं खाऊन खाऊन त्यात चुनाच उतरलेला. त्यानं चुरली तर खडूसारखी भुकटी झाली. मग अचानक त्यानं हात वर केला आणि आम्ही थिजलो. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याला दूरवर पुकू हरणाची शीळ ऐकू आली होती, पुन्हा पुन्हा, एकाच दिशेनं. बिबट्या असेल, तो म्हणाला, आणि आम्हाला घेऊन दुसऱ्या बाजूनं वळला. ताडोब्यात असा 'कॉल' आला की दहा जिप्सी त्या दिशेनं सुटतात.

जेवणाचं थोडक्यात सांगते. पाहुण्यांसाठी पाव, सूप वगैरे सगळं होतं. आम्ही हट्टानं तिथल्या माणसांचं जेवण मागितलं. न्सिमा म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानं गोळा करून खायची. सोबत चिब्वाब्वा, म्हणजे भोपळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी, शेंगदाण्याचं कूट घालून. श्रोतेहो, कूट! ताईनं स्वयंपाक्याला खुणेनं विचारलं, लसूण? त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी ताईनं त्याच भाजीला लसणाची फोडणी दिली. ती त्याला आवडली की नाही, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

आणि एक मान्य करते. असा कॅम्प स्वस्त नसतो. मिठापासून डिझेलपर्यंत सगळं लांबून आणायचं, पाहुणे सात-आठ आणि काम करणारे त्याहून जास्त. आम्ही दोघींनी त्यासाठी दोन मुदत ठेवी मोडल्या. उद्यानाबाहेरच्या गावांत याच हत्तींनी मका तुडवलेला असतो, तिथं राखणीला बसलेल्या माणसाला आमच्या झोपडीचं एका रात्रीचं भाडं सांगायची माझी छाती झाली नसती.

शेवटच्या रात्री शेकोटीभोवती बसलो होतो. वृश्चिक आपल्याकडे दक्षिणेला कलतो, तिथं तो जवळजवळ डोक्यावर होता, आणि नैऋत्येला त्रिशंकू स्वच्छ दिसत होता. वाटाड्यानं विचारलं, "आमायी, तुमच्या गावी रात्री काय ऐकू येतं?" माझं गाव चिपळूणजवळ. मी विचार केला, कुत्री, रातकिडे, गाडीचा भोंगा. मग आठवलं, निघायच्या आदल्या रात्री मी घराच्या पत्र्यावरचा पाऊस फोनवर टिपून घेतला होता, झोप यावी म्हणून. तो लावला.

सिंहाचा कानोसा घेताना करायचा तशीच त्यानं मान तिरकी केली. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग त्यानं विचारलं, "असा किती दिवस?" मी म्हटलं, चार महिने. त्यानं वळून आमच्या गवताच्या झोपड्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "पहिल्या रात्रीत जातील." स्वयंपाकी हात पुसत बाहेर आला. त्याच्यासाठी पुन्हा लावावं लागलं. नदीत पाणघोडे खिदळत होते, त्यांच्यावर पत्र्याचा ताशा. पहारेकऱ्यानं हातातली बॅटरी विझवली आणि तोही शेकोटीशी येऊन बसला. मी तिसऱ्यांदा पाऊस लावला.