रेडिएशनने भाजलेल्या कातडीसाठी लेझर

नमस्कार श्रोतेहो.

स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन सुरू झालं की साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथली कातडी लालसर होते, मग काळवंडते, खाजते. काहींच्या काखेत किंवा स्तनाखालच्या घडीत ती सोलवटून ओली होते. ब्लाऊजची शिवण टेकली तरी जीव जातो. 'एवढं चालायचंच' म्हणत बायका सोसतात. पण सगळंच सोसायला हवं असं नाही.

बेल्जियममध्ये हासेल्टच्या डॉक्टरांनी 120 रुग्ण महिलांवर केलेला अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. रेडिएशनच्या काळात एका गटाला आठवड्यातून दोनदा सौम्य लेझर दिला. दुसऱ्या गटावर यंत्र नुसतंच फिरवलं, लेझर न देता. रेडिएशन संपताना या दुसऱ्या गटात 30 टक्के जणींना कातडीचा मध्यम किंवा तीव्र त्रास होता. लेझरच्या गटात 7 टक्क्यांहूनही कमी. अभ्यास छोटा, हे खरं. पण फरक केवढा!

हा लेझर कापणारा किंवा जाळणारा नव्हे. किरण तांबड्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना दिसतही नाहीत. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामधलं, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या भागातलं, एक एन्झाइम हा प्रकाश शोषतं, पेशीला ऊर्जा मिळते आणि सूज उतरते, असं शास्त्रज्ञ मानतात. मूळ शोध मात्र भलताच लागला. 1967 साली बुडापेस्टचे डॉक्टर एंड्रे मेस्टर लेझरने कर्करोग होतो का, हे पाहत होते. उंदरांना कर्करोग झाला नाहीच, उलट भादरलेल्या जागी केस भराभर उगवले!

आपल्याकडे तंबाखूपायी तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण फार. रेडिएशनने त्यांचं तोंड येतं, घोटभर पाणीही गिळवत नाही. तिथे तर या लेझरचा पुरावा अधिक भक्कम आहे; मणिपालच्या डॉक्टरांनीही त्यावर काम केलंय.

आता सावधगिरीचं. ऑनलाइन मिळणारे एलईडी मास्क आणून घरी प्रयोग करू नका. तरंगलांबी, मात्रा, गाठीपासूनचं अंतर हे तज्ज्ञांनीच ठरवायचं. लेझर चालू असताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच.

त्रास सुरू झाल्यावर नव्हे, रेडिएशनसाठी अंगावर खुणा करतात त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, 'इथे ही सोय आहे का?' बऱ्याच ठिकाणी नसेल. मग मोमेटासोन हे स्टिरॉइडचं मलम चालेल का ते विचारा. त्यानेही कातडीचा दाह कमी होतो. मात्र लेझर मिळेपर्यंत थांबू म्हणून रेडिएशनची तारीख पुढे ढकलू नका.