प्लाउ लेन ते प्लाउ लेन

विम्बल्डन कॉमन. लंडनच्या नैऋत्येचं हे मोकळं माळरान, सकाळी कुत्र्यांना फिरवायला येणाऱ्यांचं. 29 जून 2002 ला इथे एका फुटबॉल संघाची निवड चाचणी झाली. कुणीही यावं, फक्त बूट घेऊन यावं. सव्वादोनशेच्या आसपास पोरं आली. त्या संघाकडे तेव्हा स्वतःचं मैदान नव्हतं आणि खेळाडूही नव्हते. होते ते फक्त चाहते, कारण महिनाभरापूर्वीच त्यांचा शंभर वर्षांहून जुना क्लब दुसऱ्या शहराला द्यायला मंजुरी मिळाली होती.

तो क्लब म्हणजे विम्बल्डन एफसी. स्थापना 1889 ची, आणि 1912 पासून मुक्काम प्लाउ लेनवर. 1977 मध्ये कुठे त्याला फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे देशातल्या वरच्या चार विभागांत, प्रवेश मिळाला. पुढच्या नऊ वर्षांत पोरं थेट पहिल्या, म्हणजे सर्वोच्च विभागात पोहोचली. आणि मग 14 मे 1988, वेम्बली, एफए कपची फायनल. समोर लिव्हरपूल, तेव्हाचा इंग्लंडचा सगळ्यात दबदब्याचा संघ. लॉरी सांचेझने डोक्याने गोल केला. दुसऱ्या डावात लिव्हरपूलला पेनल्टी मिळाली. जॉन ऑल्ड्रिजने चेंडू मारला आणि गोलरक्षक डेव्ह बीझंटने डावीकडे झेपावून तो बाहेर ढकलला. वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ. निकाल 1-0.

पण प्लाउ लेन जुनं झालं होतं. 1989 मध्ये हिल्सबरो स्टेडियमवर झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर मोठ्या क्लबांना सगळ्या प्रेक्षकांसाठी खुर्च्या बसवणं सक्तीचं झालं. 1991 मध्ये विम्बल्डनने घर सोडलं आणि क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर पोटभाडेकरू म्हणून बिऱ्हाड थाटलं. तात्पुरतं म्हणून गेलेले बारा वर्षं तिथेच राहिले. मधल्या काळात, 1998 मध्ये, प्लाउ लेनची जमीन एका सुपरमार्केट कंपनीला विकली गेली. घर नसलेला क्लब सहज उचलून नेता येतो, आणि हे हेरणारा माणूस लवकरच पुढे आला.

मिल्टन कीन्स हे 1967 मध्ये आखून वसवायला घेतलेलं शहर, विम्बल्डनपासून साधारण 90 किलोमीटरवर. संगीत व्यवसायातून आलेल्या पीट विंकलमन यांना तिथे भव्य स्टेडियम बांधायचं होतं. व्यवहार साधा होता: शेजारी अ‍ॅस्डा आणि आयकिआची मोठी दुकानं येणार, त्या विकासातून मैदानाचा खर्च निघणार. पण एवढं मैदान बांधायचं तर त्यात खेळायला वरच्या लीगमधला संघ हवा. इंग्लंडमध्ये गावाने क्लब काढायचा आणि तळापासून एकेक पायरी जिंकत वर न्यायचा, हा रिवाज. त्याला वेळ लागतो. तयार क्लब मिळाला की तो वेळ वाचतो. बऱ्याच क्लबांना विचारून झालं. विम्बल्डनच्या मालकांनी होकार दिला.

लीगने आधी नकार दिला होता. शेवटी प्रकरण तीन सदस्यांच्या आयोगाकडे गेलं आणि 28 मे 2002 ला दोन विरुद्ध एक मतांनी स्थलांतर मंजूर झालं. विम्बल्डनमध्ये चाहत्यांनी नव्याने क्लब काढणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही, असंही त्या निर्णयात लिहिलं होतं. हा निर्णय चुकीचाच होता. क्लबच्या हिशेबवहीत तोटा दिसत होता हे खरं, पण पिढ्यान्‌पिढ्या शनिवारची दुपार तिथे घालवणारी माणसं त्या वहीत कुठेच नव्हती.

माणसांनी उत्तर दिलं. चाहत्यांनी काढलेल्या नव्या क्लबचा, एएफसी विम्बल्डनचा, पहिला सामना 10 जुलै 2002 ला सटन युनायटेडविरुद्ध झाला. संघ 4-0 ने हरला, पण बघायला 4,657 लोक आले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेलहर्स्ट पार्कवर जुन्या क्लबच्या लीग सामन्याला हजेरी होती 849.

नवा क्लब चाहत्यांच्या ट्रस्टच्या मालकीचा. सुरुवात नवव्या स्तरावरून. लीगमध्ये सलग 78 सामने तो हरला नाही. इंग्लंडमध्ये वरिष्ठ पातळीवरचा तो विक्रम आहे. 2011 मध्ये ल्यूटनला पेनल्टींवर हरवून तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. नऊ वर्षांत पाच बढत्या.

आपल्याकडचंही सांगायला हवं. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी आर्थिक अडचणीत बुडाला आणि इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) त्याची जागा हैदराबादने घेतली. बालेवाडीत नारंगी जर्सी घालून बसणाऱ्या ऑरेंज आर्मीने माळावर चाचणी घेतली असती तरी उपयोग नव्हता. तेव्हा आयएसएलमध्ये खालून चढून येण्याची वाटच नव्हती. इंग्लंडमध्ये ती होती, म्हणून विम्बल्डनची जिद्द कामी आली.

या यशाची किंमत दुसऱ्यांनीही मोजली. एएफसी विम्बल्डनने 2003 मध्ये किंग्जमेडो मैदान विकत घेतलं. ते मूळचं किंग्स्टोनियन या छोट्या क्लबचं घर. पुढे नव्या मैदानाच्या पैशासाठी ते चेल्सीला विकलं आणि 2017 मध्ये किंग्स्टोनियनला तिथून बाहेर पडावं लागलं. घर जाण्याचं दुःख जाणणाऱ्या क्लबकडून हे झालं, याचं वाईट वाटतं. आणि मिल्टन कीन्समधली, 2004 पासून एमके डॉन्सचे (तिथे नेलेल्या जुन्या क्लबचं हे नवं नाव) सामने बघत मोठी झालेली मुलं? त्यांनी कुणाचं काही हिरावलेलं नाही. त्यांचं प्रेमही खरंच आहे.

विम्बल्डनला परत यायचं होतं ते प्लाउ लेनवरच. जुन्या जागेवर घरं उभी राहिली आहेत. त्या वसाहतीला रेनॉल्ड्स गेट म्हणतात. 1963 च्या अमॅच्युअर कप या हौशी संघांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये विम्बल्डनसाठी डोक्याने चार गोल करणाऱ्या एडी रेनॉल्ड्सचं हे नाव. तिथून काही पावलांवर, ग्रेहाउंड शर्यतींच्या जागी, नवं स्टेडियम बांधायला घेतलं. मध्येच पैसे कमी पडले. बाहेरचे गुंतवणूकदार पैसे द्यायला तयार होते, पण ट्रस्टची मालकी कमी झाली असती. चाहत्यांनी रोखे काढले, एकमेकांना खरेदी करायला लावले आणि 50 लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली. 3 नोव्हेंबर 2020 ला तिथे पहिला सामना झाला, डोंकास्टरविरुद्ध 2-2. क्लब आजही ट्रस्टच्याच ताब्यात आहे.