जळगावच्या गाडीला कोणता इनटेक लावायचा

नमस्कार मंडळी. समोर गॅरेजवाले आहेत, इंजिनिअरिंगची पोरं आहेत, आणि मागच्या रांगेत दोन-तीन जण असे बसलेत ज्यांच्याकडे खरंच दमदार गाड्या आहेत, मस्टँग आहे, ऑक्टाव्हिया आरएस आहे. त्यामुळे एकदम बेसिकपासून नाही सांगत पण अगदी वरून पण नाही जात. विषय एवढाच की कंपनीचा एअरबॉक्स, म्हणजे हवेच्या फिल्टरचा डबा, काढून बाहेरचा इनटेक, म्हणजे इंजिनला हवा पोचवणारा फिल्टर आणि पाइप, लावायचा असेल तर तो निवडायचा कसा, आणि तो पण इथे, खान्देशात चालणाऱ्या गाडीसाठी.

हे शेवटचं मी मुद्दाम म्हणतोय. कारण इनटेकचे जेवढे व्हिडिओ आणि डायनोचे, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या मशीनचे, कागद आपण बघतो ना, ते बहुतेक सगळे थंड हवेतले असतात, बॉनेट उघडं ठेवून समोर मोठा फॅन लावलेला असतो, आणि मग दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढली असं दाखवतात. आता आपण कुठे गाडी चालवतो? मे महिन्यात भुसावळला दुपारी दोन वाजता पारा ४५ च्या वर जातो, बॉनेट बंद, पुढे केळीचा ट्रक, आणि बाजूला रस्त्याचं काम चाललंय म्हणून फुफाटा उडतोय. तिथे तो डायनोचा कागद काही कामाचा नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे इनटेक आधी तापमानावर निवडायचा, मग धुळीवर, मग हवा किती ओढतो त्यावर, आणि आवाज सगळ्यात शेवटी.

पण त्याच्या पण आधी एक काम करा, जे कोणीच करत नाही. तुमचा ओरिजनल एअरबॉक्स खरंच हवा अडवतोय का ते मोजा. खर्च काही नाही, ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे फोनवर दाखवतो तो) आणि फोन पुरतो. ज्या गाडीला टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) नाही आणि मॅप सेन्सर आहे, म्हणजे सिलिंडरकडे हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, तिच्यात चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, आणि मॅनिफोल्ड प्रेशर वाचा. इंजिन बंद असल्यामुळे तो आकडा म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे-सव्वादोनशे मीटरवर आहे, म्हणजे साधारण ९८ किलोपास्कल दिसेल, त्यात हवामानाप्रमाणे थोडं वर-खाली. मग रिकाम्या रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये, लिमिटच्या आत, फुल थ्रॉटल देऊन वरच्या आरपीएमला तोच आकडा बघा, फोन बाजूच्याने धरायचा, तुम्ही रस्त्याकडे बघायचं. समजा तिथे ९६ आला. म्हणजे फिल्टर, पाइप, थ्रॉटल बॉडी (अॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) सगळं मिळून २ किलोपास्कल अडवतंय, म्हणजे साधारण २ टक्के. जगातला सगळ्यात महाग इनटेक लावला तरी त्या २ टक्क्यांच्या पलीकडे फारसं काही मिळणार नाही, आणि त्यातला पण काही भाग थ्रॉटल बॉडीचाच आहे, तो तसाच राहणार. आणि आकडा ९२-९३ आला तर मग हो, तिथे खरंच काहीतरी अडकलंय, आधी जुना फिल्टर बदलून परत मोजा. बरेचदा नुसता नवीन पेपर फिल्टर टाकल्यावरच गाडी मोकळी होते. (तोरणमाळला जाऊन मोजाल तर आकडा दहाएक किलोपास्कलने खाली येईल, ते उंचीमुळे, घाबरू नका, तिथल्या तिथे चावी ऑन करून परत बाहेरचा दाब घ्या.)

टर्बो गाडीला हे असं सरळ मोजता येत नाही कारण मॅप सेन्सर टर्बोनंतर, इंजिनच्या बाजूला असतो आणि टर्बो कमी पडलेला दाब भरून काढतो, म्हणजे त्याला जास्त फिरावं लागतं. तिथे फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपवर छोटं व्हॅक्यूम गेज लावून बघावं लागतं, आणि चांगल्या गॅरेजला ते जमतं.

आता तापमान. इंजिनला लिटरमध्ये हवा मिळून उपयोग नाही, वजनात मिळाली पाहिजे, कारण पेट्रोल वजनाच्या हिशोबाने जळतं, १ किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. आणि हवा तापली की हलकी होते. १५ अंशाला एक घनमीटर हवा साधारण सव्वा किलो भरते, ४५ अंशाला तीच १.१ च्या आसपास येते. म्हणजे मे महिन्यात आपली गाडी काहीही न करता नऊ-साडेनऊ टक्के हवा गमावून बसलेली असते. त्यात तुम्ही बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर लावला, ज्याला शॉर्ट रॅम म्हणतात, तर तो हवा कुठून ओढणार? रेडिएटरच्या मागची, एक्झॉस्टच्या बाजूची. बाहेर ४३ असताना बंद एअरबॉक्स जर ५० अंशाची हवा देत असेल आणि उघडा कोन सिग्नलला थांबल्यावर ७० ची, तर दोघांच्या हवेच्या वजनात सरळ ६ टक्के फरक पडतो. ताकद अगदी तेवढ्याच प्रमाणात पडते असं नाही, थोडी कमी पडते, पण वरून ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, गरम हवा दिसली की तो नॉकिंगच्या (पेट्रोल अवेळी भडकण्याच्या) भीतीने टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो, ते वेगळंच. २ टक्के कमवायला गेलो आणि त्याच्यापेक्षा जास्त घालवून आलो, हा हिशोब आहे.

तर मग काय बघायचं? इनटेकला पूर्ण बंद बॉक्स आहे का, वर झाकण आहे का नुसता तीन बाजूंचा पत्रा आहे, त्या पत्र्याच्या कडेचं रबर बॉनेटला नीट चिकटतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो बॉक्स हवा कंपनीच्याच नळीतून घेतो का, जी ग्रिलच्या मागे किंवा फेंडरमध्ये जाते. ती नळी इंजिनिअर लोकांनी उगाच तिथे नेलेली नसते. पाइप अॅल्युमिनियमचा चकचकीत आहे का प्लॅस्टिकचा हे पण बघा. मला प्लॅस्टिक आवडतं, कारण उभ्या गाडीत मेटलचा पाइप लवकर तापतो, पण गाडी पळत असताना हवा पाइपमधून इतक्या पटकन जाते की फार फरक राहत नाही, त्यामुळे पाइपवर भांडत बसू नका, हवा कुठून येते त्यावर भांडा. लावल्यावर ओबीडीवर इनटेक एअर टेम्परेचर बघा, ट्रॅफिकमध्ये आणि मग ७०-८० च्या स्पीडला. स्पीड धरल्यावर आकडा बाहेरच्या तापमानाच्या जवळ पटकन येत असेल तर इनटेक चांगला. टर्बोवाल्यांनो, तुमच्याकडे तो सेन्सर बरेचदा इंटरकूलरनंतर (टर्बोने तापवलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतर) असतो, तेव्हा वाचताना ते ध्यानात ठेवा.

धूळ. इथे मी जरा थांबणार आहे कारण आपल्या भागात इंजिनं हिच्यामुळेच मरतात आणि नाव दुसऱ्याचं येतं. २ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला सहा हजार लिटरच्या आसपास हवा ओढू शकतं, सेकंदाला जवळपास शंभर लिटर. मस्टँगचं ५ लिटरचं व्ही-८ त्याच्या अडीचपट. एवढ्या हवेबरोबर गिरणेच्या वाळूची बारीक कणी, क्रशरचा चुरा, शेताची काळी माती, आणि हंगामात जिनिंगच्या बाजूने गेलात तर कापसाचं तूस, सगळं येतं. वाळूत क्वार्ट्झ असतं, ते रिंग आणि सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कडक आहे, ते आत गेलं की घासतंच.

आता पेपर फिल्टर, तेल लावलेला कॉटनचा, आणि ड्राय सिंथेटिक, हे तीन प्रकार बाजारात आहेत. कॉटनचा फिल्टर के अँड एननी लोकप्रिय केला, ती कॅलिफोर्नियातली १९६९ ची कंपनी. त्याचा फायदा असा की हवा मोकळी जाते आणि धुऊन परत वापरता येतो. पण धूळ अडवण्यात चांगला पेपर साधारणपणे पुढे असतो, आणि हा फरक लोकांना आकड्यात कळत नाही. समजा एक फिल्टर ९९ टक्के अडवतो आणि दुसरा ९७, तर वाटतं दोनच टक्क्यांचा फरक. पण आत काय गेलं ते बघा ना भो, एकात १ टक्का आणि दुसऱ्यात ३ टक्के, म्हणजे तिप्पट धूळ! म्हणून घेताना विचारा की आयएसओ ५०११ ची, म्हणजे एअर फिल्टरच्या आंतरराष्ट्रीय मानकाची, टेस्ट केलीय का आणि त्यात एफिशियन्सी, म्हणजे किती टक्के धूळ अडली, किती आली. आकडा देणाऱ्या कंपनीचा घ्या, नुसतं हाय फ्लो लिहिणाऱ्याचा नको. रोज चालवायच्या गाडीला आपल्याकडे मी ड्राय सिंथेटिकच सांगतो, नाहीतर कंपनीच्या बॉक्समध्ये चांगला पेपर.

पण फिल्टरपेक्षा जास्त धूळ जोडातून जाते. आमच्याकडे एक गाडी आली होती, किट नवीन, फिल्टर वरून एकदम स्वच्छ. पाइप सोडवला आणि फिल्टरनंतरच्या बाजूला आत पांढरं कापड फिरवलं तर कापडावर बोटभर रुंद विटकरी पट्टा आला, आणि तो पण फक्त खालच्या अर्ध्या भागात. क्लॅम्प वरून घट्ट दिसत होता, पण फिल्टरचं रबर पाइपवर तिरकं चढलेलं, खाली नखाएवढी फट. सगळी धूळ तिथून. म्हणून माझ्याकडे कोणी इनटेक बसवून गेलं की हजारेक किलोमीटरने परत बोलावतो आणि हेच कापड फिरवतो. तुम्ही घरी पण करू शकता, पाच मिनिटांचं काम आहे. आणि ज्यांच्या गाड्या महाग आहेत त्यांनी ऑइल बदलताना लॅबमधून ऑइलची तपासणी करून घ्यावी, त्यात सिलिकॉन, म्हणजे वाळूतला घटक, वाढलेलं दिसलं तर धूळ आत जाण्याची शक्यता सगळ्यात आधी तपासायची.

मास एअर फ्लो सेन्सर ज्या गाड्यांना आहे, मस्टँगला आहे, त्यांनी पाइपचा व्यास नीट बघा. तो सेन्सर म्हणजे एक बारीक तापलेली तार, हवा जितकी जोरात जाईल तितकी ती थंड होते आणि त्यावरून ईसीयू हवा मोजतो. पण ते मोजमाप कंपनीच्या पाइपच्या मापाला धरून आहे. ७० मिलीमीटरच्या जागी ७६ चा पाइप लावला तर आतलं क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी वाढतं, तेवढीच हवा आता हळू जाते, सेन्सरला वाटतं हवा साधारण १५ टक्के कमी आहे, आणि ईसीयू पेट्रोल कमी सोडतो. साध्या स्पीडला ऑक्सिजन सेन्सर बघून तो चूक दुरुस्त करतो, पण फुल थ्रॉटलला बऱ्याच गाड्यांत ती दुरुस्ती जागेवर होत नाही, मिक्सचर लीन जातं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि इंजिन नेमकं तिथेच तापतं. काही किटवर लिहिलेलं असतं की ट्यूनिंग लागेल, ते विकण्यासाठी नाही लिहिलेलं, खरंच लागतं. ज्यांना ट्यूनिंग करायचं नाही त्यांनी सेन्सरच्या जागी कंपनीचंच माप ठेवणारा इनटेक घ्या, आणि बसवल्यावर ओबीडीवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये कायमची किती टक्के दुरुस्ती करतोय तो आकडा, दहा टक्क्यांच्या पुढे सरकला तर गाडी पळवू नका, आधी कारण शोधा.

पावसाळ्याचं पण सांगतो. कोल्ड एअर इनटेक म्हणून जे किट येतात त्यातल्या काहींचा फिल्टर खाली बंपरच्या मागे असतो. थंड हवा मिळते, खरं आहे. पण आपल्याकडे जुलैत रेल्वे पुलाखाली किती पाणी साचतं तुम्हाला माहितीय. २ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनात कॉम्प्रेशन रेशो दहाच्या आसपास असेल, म्हणजे हवा दाबून एक दशांश जागेत बसवली जात असेल, तर पिस्टन वर गेल्यावर एका सिलिंडरमध्ये जागा उरते पंचावन्न मिलीलिटरची, म्हणजे एका कटिंग चहाएवढं पाणी गेलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दबत नाही. खाली फिल्टर असलेला इनटेक जळगाव-धुळ्यात रोजच्या गाडीला मी लावून देत नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

कायद्याचं थोडक्यात. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, त्यात कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या बाहेर बदल करायला मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. वॉरंटी चालू असेल तर थांबा, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. जुना एअरबॉक्स भंगारात देऊ नका, घरी माळ्यावर ठेवा.

आता तिकडून दादांनी विचारलं की आवाजाचं काय. आवाज येतो, आणि आवडतो, त्यात काही चुकीचं नाही, मला पण आवडतो. कंपनीच्या पाइपला बाजूला बंद डबे लावलेले असतात, रेझोनेटर, ते ठरावीक फ्रीक्वेन्सीचा आवाज खातात. ते निघाले की इंजिनचा श्वास ऐकू येतो. फक्त आवाज वाढला म्हणजे गाडी फास्ट झाली असं कानाला वाटतं, म्हणून घड्याळ लावून बघा. आणि नुसता आवाजच हवा असेल तर काही गाड्यांना फिल्टर आणि एअरबॉक्स तसाच ठेवून फक्त एअरबॉक्सपासून इंजिनकडे जाणारा पाइप बदलता येतो, तो पर्याय मला सगळ्यात पटतो.

शेवटचा प्रश्न, फिल्टर किती दिवसांनी साफ करायचा. पेपर असेल तर त्याला कम्प्रेसरची हवा मारू नका, आपल्याकडे प्रत्येक सर्व्हिसला पोरं हवा मारतात, त्याने कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात, बदलूनच टाका, आणि आपल्या धुळीत पुस्तकात लिहिलंय त्याच्या अर्ध्या किलोमीटरला बदला. कॉटनचा असेल तर सारखा धुवू नका, थोडी धूळ बसलेली असताना तो उलट जास्त चांगला अडवतो. धुतल्यावर सावलीत पूर्ण वाळवा, दुपारच्या उन्हात ठेवू नका, आणि तेल पातळ एकसारखं लावून रात्रभर मुरू द्या. जास्त तेल झालं तर ते उडून त्या मास एअर फ्लो (एमएएफ) सेन्सरच्या तारेवर बसतं आणि गाडी रेस घेताना अडखळायला लागते. तसं झालंच तर तारेला बोट किंवा कापड लावायचं नाही, त्याचा वेगळा एमएएफ क्लीनर स्प्रे मिळतो, तो लांबून मारा, वाळू द्या, मगच चावी फिरवा.