नोंद नीट, तर पुस्तक हाती

नमस्कार श्रोतेहो.

वाचनालयातून पुस्तक कसं मिळतं, हे तुम्हाला सांगायला नको. पूर्वी लाकडी खणातली तालिकापत्रं चाळायची, चिठ्ठीवर क्रमांक लिहायचा आणि काउंटरपाशी थांबायचं. आता लेखकाचं नाव टाइप केलं, की पुस्तक कुठल्या कपाटात आहे, कुणी नेलंय, परत कधी येणार, सगळं पडद्यावर दिसतं. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यात 'वाचकाचा वेळ वाचवा' हे एक. संगणक तो वेळ वाचवतो, आणि म्हणून तो आमच्या वाचनालयात आला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. संगणकाला पुस्तक कळत नाही, त्याला फक्त नोंद कळते. नोंद नीट, तर पुस्तक हाती.

एका दुपारी आमच्याकडे एक वस्ताद आले. वय झालेलं, कान मोडलेले, अंगात पांढरा सदरा. काउंटरवर आमची नवी मुलगी होती. तिला म्हणाले, "पोरी, कुस्तीचं एक जुनं पुस्तक हाय. ल्हानपणी हितंच वाचल्यालं. डावांची चित्रं हायत त्यात. नाव काय ध्यानात न्हाई बघा."

मुलीनं 'कुस्ती' टाइप केलं. चार-पाच पुस्तकं आली, सगळी अलीकडची. वस्तादांनी मान हलवली. "हिरवं हुतं गं, कापडी." आता रंगावरून पुस्तक कसं शोधणार? ती बिचारी 'नाही' म्हणणार, तेवढ्यात आमचे जुने शिपाईमामा पुढे झाले. त्यांनी वस्तादांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "वस्ताद, पुस्तक तुमी कुठल्या कपाटातनं घ्यायचासा?"

"खिडकीजवळच्या. खाली वाकून."

खिडकीजवळचं कपाट म्हणजे खेळ आणि व्यायाम. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूईच्या वर्गीकरणात कुस्तीचा क्रमांक ७९६.८१२. मी मुलीला म्हटलं, नाव सोड, क्रमांक टाक. टाकला. एक नोंद अशी आली, की शीर्षकाच्या जागी 'जुने पुस्तक' आणि लेखकाच्या जागी 'अज्ञात'. मामांनी खालच्या फळीवरून ते काढून आणलं. हिरवं कापड उडून राखाडी झालेलं, कसरीनं कडा खाल्लेल्या. आणि पहिलं पानच नव्हतं!

झालं होतं असं. नोंदी भरायचं काम बाहेर दिलेलं, दर नोंदीमागे पैसे. पुढ्यातल्या पुस्तकाला पहिलं पान नाही, मग भरणाऱ्यानं हाताला येईल ते भरलं. ग्रंथालयाचं काम असं नगावर देऊच नये, या मताची मी आहे आणि राहीन. मग आम्ही जुनी दाखल नोंदवही काढली, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात टिपतात ती. दाखल क्रमांकावर बोट ठेवलं, तर निळ्या शाईत, वळणदार अक्षरात, पुस्तकाचं पूर्ण नाव, लेखक, किंमत, देणगीदार, सगळं होतं! मुलीनं तिथल्या तिथे नोंद दुरुस्त केली.

वस्ताद तोवर पानं उलटत होते. एका चित्रावर थांबले. ढाक नावाचा डाव होता. आम्ही ते पान स्कॅन करून पडद्यावर मोठं केलं, तेव्हा चष्मा पुसून ते पुढे झाले आणि मुलीला म्हणाले, "ह्यो पाय बघ कुठं ठेवलाय. आताची पोरं हितंच चुकत्यात." दुसऱ्या दिवशी तालमीतली पोरं घेऊन आले. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचं कुस्तीचं मैदान बांधून दिलं, तिथल्या पोरांनी आरशासमोर डंबेल्स उचलण्यापेक्षा लाल मातीत उतरावं, असं मला फार वाटतं. असो.

तर पुन्हा सांगते, नोंद नीट, तर पुस्तक हाती. संगणक आला म्हणून जुनी दाखल नोंदवही रद्दीत घालू नका.

आता स्कॅनिंगबद्दल थोडं. कपाटं तळमजल्यावर असली, की पुराचं पाणी आधी त्यांनाच गाठतं, हे २०१९ आणि २०२१ सोसलेल्या आपल्या गावाला सांगायला नको. त्यामुळे दुर्मिळ पुस्तकाची डिजिटल प्रत हवीच. ज्या सार्वजनिक वाचनालयाकडे छापील प्रत आहे, त्याला जतनासाठी अशी प्रत ठेवायला कायदा २०१२ पासून मुभा देतो. पण जतन वेगळं आणि वाटप वेगळं. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क चालतो. आपले वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेल्या पुस्तकांवरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत आहे. कुणी त्यांच्या कादंबरीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली, तर कृपा करून पुढे ढकलू नका. ती चोरीच आहे.

आणि घरातली जुनी पुस्तकं वाचनालयाला द्यायची असतील, तर जरूर द्या. फक्त आपलं नाव लिहिलंय म्हणून पहिलं पान फाडू नका. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ती, आम्हाला नोंदीसाठी लागणारं सगळं त्याच पानावर किंवा त्याच्या पाठीमागे असतं. तुमचं नाव तिथे राहिलं, तर आमची काही हरकत नाही.

नमस्कार.