भुताच्या अटी

(दृश्य : शनिवारवाडा. दिल्ली दरवाजातून संध्याकाळची गर्दी बाहेर पडते आहे.)

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. गारदी वाड्यात घुसले आणि अठरा वर्षांचा पेशवा नारायणराव रघुनाथरावांच्या दालनाकडे धावत सुटला. "काका, मला वाचवा!" काकांनी वाचवलं नाही.

ती हाक अजून ऐकू येते, असं पुण्यात प्रत्येकानं कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. स्वतः ऐकलेला माणूस मात्र नेहमी दुसऱ्या पेठेत राहतो. कुणी अमावास्या सांगतं, कुणी पौर्णिमा. भुताच्या वेळेवरही या गावात एकमत नाही.

गोष्ट तयारच आहे. सत्तेसाठी भाऊबंदकी, 'ध'चा 'मा', रक्त, हाक. भयपट करणाऱ्याला आणखी काय हवं? पण खरं सांगायचं तर या भुताची मला भीती वाटत नाही. ते आपल्याकडून काही मागतच नाही. हाक ऐकली तरी आपलं काही बिघडत नाही आणि नाही ऐकली तरी नाही. शिवाय त्याला राहायला घर उरलेलं नाही. १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. तटाच्या आत आता जोती आहेत, कारंजी आहेत, हिरवळीवर डबे उघडून बसलेली कुटुंबं आहेत. अंधारा जिना नाही, माजघर नाही. भुतानं लपायचं कुठे?

(दृश्य : जपान, हिमेजी किल्ला. जाळी लावलेली विहीर.)

आता दुसरा एक किल्ला बघा. हिमेजीत ओकिकूची म्हणून एक विहीर दाखवतात. ओकिकू मोलकरीण. दहा मौल्यवान ताटांतलं एक हरवल्याचा आळ आला, तिला मारून विहिरीत टाकलं. रात्री ती ताटं मोजते. एक, दोन, तीन... नऊपर्यंत जाते आणि किंचाळते. कथेच्या एका रूपात नऊचा आकडा ऐकणारा मरतो, म्हणून सहा-सातलाच पळ काढायचा. दुसऱ्या रूपात कुणीतरी मोठ्यानं "दहा!" म्हणायचं, की तिची सुटका होते.

नारायणराव आणि ओकिकू, दोघांवरही अन्यायच झाला. पण ओकिकूच्या गोष्टीत ऐकणाऱ्याला काहीतरी करावं लागतं. तिला अट आहे. १९९८ च्या 'रिंग'मधली विहीर पाहताना जपानी प्रेक्षकाला ओकिकू आठवते, आणि त्या सिनेमाची भीतीही अटीवरच उभी आहे : टेप पाहिली की सात दिवस. अमेरिकेतल्या 'कँडीमॅन'मध्ये आरशासमोर पाच वेळा नाव घ्यायचं. चार वेळा घेतलं तर काही नाही.

आपल्याकडे या अटी आजीनं पाठ करून घेतल्या होत्या. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडायचे नाहीत. रात्री शिट्टी वाजवायची नाही. पिंपळाखाली लघवी करायची नाही. आणि रात्री दाराबाहेरून नावानं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. ती हाकामारी असते. माणूस असेल तर पुन्हा हाक मारेल.

कर्नाटकात १९९० च्या दशकात हीच बाई दारं ठोठावू लागली. लोकांनी दारावर लिहून ठेवलं, 'नाळे बा'. उद्या ये. ती बिचारी वाचायची आणि परत जायची. रोज. भुताला साक्षर आणि आज्ञाधारक मानणारी ही कल्पना इतकी गोड आहे, की २०१८ च्या 'स्त्री'नं ती उचलून मध्य प्रदेशातल्या चंदेरीत नेली आणि सिनेमा हसवता हसवता घाबरवूनही गेला.

(दृश्य : दिवे घाट, पाऊस. सासवडच्या पुरंदरे वाड्याचा दरवाजा.)

त्याच वर्षी 'तुंबाड' आला. त्यातल्या वाड्यासाठी कॅमेरा शनिवारवाड्यात नाही, दिवे घाट ओलांडून सासवडला गेला. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी लहानपणी मित्राकडून ऐकलेली गोष्ट नारायण धारपांची होती. धारप पुण्यातलेच. मराठी घरांत दुपारच्या वेळी ज्यांची पुस्तकं वाचली आणि रात्री ज्यांच्यामुळे दिवा चालू ठेवला, ते धारप. नाव तुंबाडचं, ते श्री. ना. पेंडश्यांच्या कादंबरीवरून.

साखळीनं बांधलेली म्हातारी उठते, तेव्हा पोरगं तिला काय म्हणतं? झोप, नाहीतर हस्तर येईल. पोरांना झोपवायचं आपलं रोजचं वाक्य, फक्त इथे पोर म्हातारीला झोपवतंय. मला हा प्रसंग अख्ख्या सिनेमात सरस वाटतो.

हस्तर नावाचा देव कुठल्याही पुराणात नाही, तो रचलेला आहे. तरी खरा वाटतो, कारण त्याची अट लोककथेच्या वजनाची आहे. सोनं त्याला मिळालं, धान्य नाही. म्हणून तो कायम भुकेला. मग कणकेची बाहुली घेऊन खाली उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं आणि तो खाण्यात गुंतला की लंगोटातल्या मोहरा ओढायच्या. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पुढचं वाक्य ऐकू नका : बापलेक हावरटपणे एकाऐवजी ढीगभर बाहुल्या घेऊन जातात, आणि एका बाहुलीला एक हस्तर हा हिशेब त्यांना तिथे कळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सिनेमा पुन्हा थिएटरात आला, तेव्हा त्यानं पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली.

विशाल फुरियांचा 'लपाछपी' (२०१७) मला याहून जास्त टोचला. गरोदर बाई, चहूबाजूंनी ऊस, आणि वाट काही सापडत नाही. चकवा लागला की होतं ते. जुनी माणसं सांगायची, जागचं हलू नकोस, उजाडू दे. इथे बसून राहणं हेच धोक्याचं, कारण चकवा घरातल्या माणसांनी घातलाय, आणि मुळाशी आहेत जन्मताच मारलेल्या मुली.

(दृश्य : पेठेतला जुना वाडा. दारावर पुनर्विकासाची नोटीस.)

आणि मुंजा. मुंज झाली, पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. एवढी नेमकी अट एखाद्या सरकारी फॉर्मलाही नसते. २०२४ च्या 'मुंज्या'त तो कोकणातून थेट पुण्यात येतो, आईच्या ब्यूटी पार्लरमध्ये काम करणाऱ्या बिट्टूच्या मानगुटीवर. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार मूकपटांच्या काळातल्या नानासाहेब सरपोतदारांच्या घराण्यातले. लक्ष्मी रस्त्यावरचं पूना गेस्ट हाऊस त्याच घराण्याचं. सिनेमा चालला, पोरंटोरं खूश झाली. माझी तक्रार एवढीच, की झाड सोडल्यावर मुंजा संगणकानं काढलेलं खोडकर माकड होतो. पिंपळाखाली होता तोवर त्याचा दरारा होता.

पुण्यात आजही त्याला जागा आहे. पेठेत वाडा पाडायचा ठरतो. भाडेकरू, मालक, बिल्डर, सगळ्यांच्या सह्या होतात, विहीर बुजवून पार्किंगही आखलं जातं. अडतं ते मागच्या भिंतीतून उगवलेल्या पिंपळाशी. कुऱ्हाड चालवायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर आधी नारळ फोडून घेतो, पैसेही जास्त लावतो. बिल्डर कुरकुर न करता देतो. भयपट करायचाच असेल तर याच माणसाचा करावा. त्याला अटी ठाऊक असतात.